मुदतीवर घेतलेले राज्य : ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा नुकताच राजीनामा दिलेला काइल रिचमंड पिस्तूल घेऊन एका जाहीर कार्यक्रमाला आला आहे. पिस्तुलात आर्गोनाइट नावाच्या खनिजाची गोळी आहे, कारण समोर बोलत असलेला हायपेरियन साध्या गोळीने मरणारा नाही. हायपेरियन हा त्याचा वर्षानुवर्षांचा सहकारी आणि मित्र. तो देशाला शांतपणे सांगतो आहे की, यापुढे कारभार आम्ही पाहू. गोळी झाडण्यासाठीच आलेल्या रिचमंडला ती झाडता येत नाही. ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’ या कॉमिकच्या पहिल्या अंकातला हा प्रसंग आहे आणि पुढचे अकरा अंक त्या न झाडलेल्या गोळीची किंमत मोजण्यात जातात.

मार्व्हलने ही मालिका सप्टेंबर १९८५ ते ऑगस्ट १९८६ या काळात बारा अंकांत प्रसिद्ध केली. लेखन मार्क ग्रुएनवाल्ड यांचे आहे. चित्रे मुख्यतः बॉब हॉल आणि पॉल रायन यांची. पात्रे मात्र त्याआधीची आहेत. रॉय थॉमस आणि जॉन बुसेमा यांनी १९७१ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ मालिकेत हा संघ आणला, तेव्हा तो प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेच्या गाजलेल्या नायकांची उघड नक्कल होता. हायपेरियन म्हणजे सुपरमॅन, रिचमंडचे मुखवट्यातले रूप असलेला नाइटहॉक म्हणजे बॅटमॅन, पॉवर प्रिन्सेस म्हणजे वंडर वुमन, हे चाणाक्ष वाचकाला दोन पानांत कळते. ग्रुएनवाल्ड यांनी त्या थट्टेचाच उपयोग करून घेतला. खऱ्या सुपरमॅनला देश ताब्यात घेऊ देण्याची सोय त्या काळी कोणत्याच लेखकाला नव्हती, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघायचा असतो. नकली सुपरमॅनच्या बाबतीत तशी अडचण नव्हती.

कथा आपल्या जगात घडत नाही. मार्व्हलच्या हिशेबात ती पृथ्वी-७१२ आहे, म्हणजे आपल्यासारखेच पण वेगळ्या वाटेने गेलेले एक पर्यायी जग. ओव्हरमाइंड नावाच्या परक्या शक्तीने या नायकांच्या मनावर ताबा मिळवून त्यांच्याच हातून देश उद्ध्वस्त करवला आहे. ताबा सुटल्यावर नायकांना अपराधाची बोचणी लागते आणि ते ठरवतात की, आपण मोडले ते आपणच उभे करू. एवढेच नव्हे, तर हाती सत्ता घेऊन भूक, युद्ध, गुन्हेगारी आणि रोगराई एका वर्षात संपवू. ते लोकांसमोर मुखवटे उतरवतात, खरी नावे सांगतात. मतदान होते. नाइटहॉक विरोधात मत देतो आणि बाहेर पडतो. अँफिबियनही विरोधात असतो, पण तो काही काळ संघात राहतो.

एका वर्षाची ही मुदत मला पुस्तकातील सर्वांत हुशार गोष्ट वाटते आणि ती कळायला नाशिककराला वेळ लागू नये. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो तेव्हा शहराचा ताबा जवळजवळ पूर्णपणे बंदोबस्ताकडे जातो, रस्ते बंद होतात, गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या जातात आणि घरापासून रामकुंडापर्यंतची नेहमीची वाट सोडून आपण सांगितलेल्या दिशेने चालतो. २०१५ मध्ये आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली, पण पर्वणी आटोपल्यावर बॅरिकेड उचलली जाणार याबद्दल कोणालाही शंका नव्हती. पृथ्वी-७१२ वरचे लोकही याच भरवशावर गप्प बसतात. वर्षभराचा तर प्रश्न आहे, आणि माणसेही भली आहेत.

भली आहेत, यात वाद नाही. म्हणूनच वाचताना अस्वस्थ व्हायला होते. हायपेरियन हुकूमशहासारखा बोलत नाही, कोणाला धमकावत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही. लोकांच्या बंदुका जमा केल्या जातात आणि बदल्यात शरीराभोवती संरक्षक कवच निर्माण करणारे पट्टे वाटले जातात. मरणासन्न माणसांना, उपाय सापडेपर्यंत, निद्रिस्त अवस्थेत ठेवणाऱ्या पेट्या तयार होतात. खरी गडबड सुरू होते ती टॉम थंब या बुटक्या शास्त्रज्ञाने बनवलेल्या वर्तनबदल यंत्रापासून. या यंत्रात गुन्हेगाराला बसवले की त्याची गुन्ह्याची प्रवृत्तीच नाहीशी होते. तुरुंग नको, फाशी नको, सूड नको. कागदावर यापेक्षा दयाळू योजना सुचणे कठीण आहे.

यंत्राचा पहिला गैरवापर कोणी दुष्ट माणूस करत नाही, संघातलाच गोल्डन आर्चर करतो, आणि त्यामागचे कारण अगदी घरगुती आहे: संघातल्याच लेडी लार्कने त्याला लग्नाला नकार दिलेला असतो. तो तिला यंत्रात बसवतो. त्यानंतर ती त्याच्यावर इतके प्रेम करू लागते की तिला दुसरे काही सुचत नाही, आणि आपण काय करून बसलो हे त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हा प्रकार उघडकीस आल्यावर संघ त्याला काढून टाकतो. यंत्र मात्र चालूच ठेवतो. आर्चरचा गुन्हा सर्वांना दिसतो, पण तोच प्रकार आपण रोज कैद्यांवर करत आहोत आणि कैद्यांचा होकारही फारसा मोकळा नसतो, ही गोष्ट अँफिबियनसारख्या एखाद्यालाच टोचते.

त्याहून सूक्ष्म प्रसंग एप-एक्स या हुशार वानरीचा आहे. पूर्वी गुन्हेगारांच्या टोळीत असलेल्या तिचा मेंदू ‘सुधारून’ तिला संघात घेतलेले असते. संघातील एक सदस्य फितूर आहे, हे तिच्या लक्षात येते. संघाशी निष्ठा राखायची तर हे सांगायला हवे. पण संघातील कोणाचाही विश्वासघात करायचा नाही, हेही तिच्या मनात तितक्याच खोलवर कोरलेले असते. दोन आज्ञा समोरासमोर येतात आणि तिचे मन जागच्या जागी बंद पडते. ती जिवंत असते, डोळे उघडे असतात, पण आत कोणीच उरलेले नसते. यंत्राविरुद्ध कोणाही पात्राने केलेल्या भाषणापेक्षा हा प्रसंग मला अधिक बोलका वाटला, कारण येथे यंत्र बिघडलेले नाही. ते अगदी बिनचूक चालले आहे.

नाइटहॉकला लेखकाने धुतल्या तांदळासारखे ठेवले नाही, हे त्याचे मोठेपण. मदत मागण्यासाठी तो मार्व्हलच्या नेहमीच्या जगात येऊन कॅप्टन अमेरिका व त्याच्या सहकाऱ्यांना भेटतो आणि रिकाम्या हाताने परततो. (हा भाग ‘कॅप्टन अमेरिका’च्या ३१४ व्या अंकात आला होता, माझ्याकडील एकत्रित आवृत्तीत तो योग्य जागी घातला आहे, आणि तो नसता तर कथेत खड्डा राहिला असता.) मग तो मास्टर मेनेस या जुन्या शत्रूशी हातमिळवणी करतो, स्वतःचा संघ जमवतो, विरुद्ध बाजूला हेर पेरतो. स्वातंत्र्याच्या बाजूने लढणारा माणूस फसवणुकीच्या बळावर लढतो आणि त्याला ते ठाऊकही असते. शेवटच्या अंकात दोन्ही गट समोरासमोर येतात. त्यात कोण मरते हे मी सांगणार नाही; ज्यांनी सांगितले असते त्यांच्यावर मीही रागावलो असतो. इतकेच सांगतो की मरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, मरणे झटपट आणि ओबडधोबड आहेत, आणि १९८६ च्या कॉमिकमध्ये हे नेहमीचे नव्हते. ‘वॉचमेन’ या पुढे फार गाजलेल्या कॉमिकचा पहिला अंक आला तो याच्या पुढच्याच महिन्याचा, त्यामुळे हे काम त्याच्या सावलीत गेले ते आजतागायत.

माझ्या नववीतल्या भाच्याने हे पुस्तक माझ्याआधी संपवले. तो म्हणाला, “मामा, पण त्यांनी वाईट काय केलं? उपासमार थांबवली, बंदुका काढून घेतल्या, आणि वर्षानं खुर्ची सोडणारच होते ना?”

“खुर्ची सोडतील रे. यंत्र कुणाकडे जाईल?”

“पुढे जो निवडून येईल त्याच्याकडे.”

“आणि तो हायपेरियनसारखा भला नसला तर?”

तो थोडा वेळ पाने मागेपुढे करत राहिला. “मग आधीच मोडून टाकायला हवं. पण टॉम थंब तर मरतो. ज्यानं बनवलं तोच नाही, मग मोडणार कोण?”

नाइटहॉकचा मुद्दा जवळजवळ हाच आहे. मुलाने तो कमी शब्दांत मांडला. टॉम थंबचे मरणही येथे वाया गेलेले नाही. त्याला कर्करोग असतो, भविष्यातून आलेला स्कार्लेट सेंच्युरियन हायपेरियनच्या जिवाच्या बदल्यात त्याला औषध देऊ करतो आणि तो नकार देतो. देशभर रोग हटवण्याचे आश्वासन देणाऱ्या संघातला शास्त्रज्ञ सगळ्यांपासून लपवून स्वतःचा आजार वागवत असतो, ती पाने या पुस्तकातील सर्वांत शांत आणि सर्वांत चांगली पाने आहेत.

आता दोषांकडे. मजकूर फार आहे. चौकटीत पात्र जे करत आहे तेच वरच्या पट्टीत सांगितलेले असते आणि संवादाच्या फुग्यात पात्र स्वतःही तेच बोलते. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ कमी बोलून काम करायचा, त्या सवयीच्या वाचकाला हे जड जाईल. स्त्री पात्रे नावापुरती शक्तिशाली आहेत. लेडी लार्कचे एवढे मोठे दुःख पुढे दोन पुरुषांमधल्या भानगडीसारखे वापरले आहे, आणि ते मला खटकले. जगाची व्याप्तीही चमत्कारिक आहे: भूक आणि युद्ध संपवायचे म्हणतात, पण अमेरिकेबाहेरच्या माणसांना याविषयी काय वाटते हे विचारायला लेखकाला फुरसत मिळालेली नाही. चित्रे नेटकी आहेत, त्यापलीकडे नाहीत. हॉल यांच्या पानांवर चेहरे बोलके आहेत, रायन यांच्या पानांवर शरीरे रेखीव. पण एखादी चौकट पाहून थांबावे असे क्वचितच घडते.

पुस्तकाच्या वस्तू म्हणून असलेल्या बाजूबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पैसे त्याचेही द्यावे लागतात. नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत मी चौकशी केली तेव्हा ते नाव कोणाच्या यादीत नव्हते, म्हणून शेवटी घरपोच मागवले. एका विक्रेत्याने पाठवलेल्या पहिल्या प्रतीचा कोपरा चेपलेला होता, कारण साडेतीनशेच्या आसपास पानांचे पुस्तक नुसत्या पातळ पिशवीत घालून धाडले होते. बदलून मिळालेली प्रत ठीक आहे, पण त्यासाठी तीन आठवडे गेले. बांधणी चिकटवलेली आहे, शिवलेली नाही, त्यामुळे मधली दुहेरी पाने पूर्ण उघडायची तर कणा दाबावा लागतो आणि कडेचे संवाद घडीत जातात. कागद गुळगुळीत आहे, आणि जुन्या वृत्तपत्री कागदासाठी निवडलेले रंग त्यावर अंमळ भडक दिसतात. ट्यूबलाइटखाली वाचणाऱ्यांनी प्रत थोडी तिरकी धरावी.

या पुस्तकाच्या छपाईची एक हकीकत आहे. ग्रुएनवाल्ड १९९६ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, अचानक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा शाईत मिसळून १९९७ मध्ये या मालिकेची पहिली एकत्रित आवृत्ती छापण्यात आली. रामकुंडावर देशभरातून अस्थी घेऊन येणारी माणसे पाहत लहानाचे मोठे झालेल्या मला ही गोष्ट विक्षिप्त वाटली नाही. प्रत्येकाचे तीर्थ वेगळे असते. माझी प्रत नंतरच्या छपाईची आहे, तिच्यात साधीच शाई आहे.

दहा वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये, आणि ज्यांना पानोपानी मारामारी हवी आहे त्यांनी स्वतःसाठीही घेऊ नये. बाकीच्यांनी घ्यावे, मात्र एका बैठकीत वाचू नये. महिन्याला एक या बेताने लिहिलेले अंक आहेत, दिवसाला एक पुरे. माझी प्रत सध्या भाच्याकडे परत गेली आहे. त्याने एप-एक्सच्या पानावर बसच्या तिकिटाची खूण घातली आहे आणि ती काढायची नाही, असे मला बजावले आहे.