बल्लारपूर: कॉलरीच्या वाटेवरचे तर्री-पोहे

ठेल्याला पाटी नाही. कॉलरीकडे, म्हणजे कोळसा खाणीकडे, जाणाऱ्या कुणालाही पोहेवाल्या काकू विचारा, तो बोट दाखवेल. साडेपाचला शेगडी पेटते, कारण पहिल्या पाळीला निघालेले आणि रात्रपाळी करून वर आलेले, दोघंही त्याच सुमारास भुकेले असतात. नऊला गेलात तर पातेल्याचा तळ मिळेल. मला मिळाला आहे.

प्लेट ३० रुपये. पोहे जरा कोरडेच, ते मुद्दाम. काकू पळी आधी तर्रीच्या, म्हणजे तिखट रश्श्याच्या, लाल तवंगावरून फिरवतात, मग तळात घालून काळे चणे उचलतात. वर कांदा, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात), लिंबाची फोड. "तर्री वरून टाकू का बाजूला देऊ?" हे फक्त परगावच्यांना विचारतात. पुण्याला गेल्यापासून मलाही विचारतात, ते लागतं मनाला.

तिखट जास्त आहे, मान्य. पण बाबा म्हणायचे, पाळीभर धूळ खाल्लेल्या जिभेला फिकं लागतच नाही. ते खाणीत स्टोइंगला होते. कोळसा काढला की त्या पोकळीत नदीची वाळू पाण्यासोबत पाइपातून सोडायची, वरची जमीन खचू नये म्हणून. गाव कोळशावर चालतं असं लोक म्हणतात. आमच्या घरी मात्र ते वर्धेच्या वाळूवर उभं होतं.

बाकड्यावर मराठी, तेलुगू नि हिंदी एकाच वाक्यात ऐकू येतात. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, बल्लारपूरची चालत राहिली, आणि काझीपेठकडून रेल्वे जोडली गेल्यावर तेलंगण हाकेवर आलं. खाणींच्या १९७३ च्या सरकारीकरणाआधीचे ठेकेदार आठवणारे एक आजोबा रोज येतात. त्यांच्या शेजारी बसा, पण घाई असेल तर नको.

चहा पाकासारखा गोड, तो टाळा. सुटे पैसे न्या.

मी पोहे बांधून घेऊन किल्ल्यावर जाते. चंद्रपूरच्या आधी गोंड राजांची राजधानी इथे होती. खांडक्या बल्लाळशहाचा हा किल्ला, खाली वर्धा. उन्हं चढायच्या आत पोचा. आणि तर्रीच्या पिशवीला दोन गाठी मारून मागा. माझी दरवाजातच फुटली, अर्धी राजाला गेली.