सकाळचे फळ: रस काढून प्यावे की चावून खावे?

रोज सकाळी फळ पोटात गेलेच पाहिजे, असे मनाशी ठरवले की पहिला प्रश्न उभा राहतो तो ते प्यावे की खावे, हा. मी दीड वर्ष नेमाने ताजा रस घेतला आणि त्यानंतर आजतागायत अख्खे फळ खात आलो आहे. जीवनसत्त्वांचा हिशेब येथे मांडत नाही, कारण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम ताज्या रसातूनही चांगले मिळते आणि तेवढ्यापुरते पाहिले तर रसाला कमी लेखता येत नाही.

रसाची खरी सोय वेळेची आहे. तीन संत्री सोलून, बिया काढून खायला बसले की दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. तीच संत्री पेल्यातून एका मिनिटात संपतात. मी रसाकडे वळलो ते एवढ्याचसाठी.

अडचण झाली ती ज्यूसरच्या जाळीची. रस काढल्याबरोबर ती धुतली नाही, तर चोथा वाळून छिद्राछिद्रांत असा घट्ट बसतो की संध्याकाळी जुना टूथब्रश घेऊन नळाखाली ती घासत उभे राहावे लागते, आणि सकाळी वाचलेली मिनिटे तेथेच खर्ची पडतात. काही दिवस मी हे निमूटपणे केले. पण एका संध्याकाळी घासण्याआधी तो चोथा बोटांनी खरवडून तळहातावर घेतला, तर चांगली मूठ भरली: पांढरट, ओलसर, दोऱ्यादोऱ्यांचा गोळा. पोट साफ राहावे आणि साखर रक्तात सावकाश उतरावी म्हणून फळातले जे तंतू हवे असतात, तेच मी रोज केरात टाकत होतो. हे तेव्हा मनाला फार लागले, आणि माझ्यापुरता निर्णय बहुधा तेथेच झाला.

पुढे आकडे पाहिले, तेव्हा त्याला आधारच मिळाला. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण 12 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम तंतू असतात. पाव लिटर रसात साखर 20 ग्रॅमच्या आसपास भरते, तंतू मात्र एक ग्रॅमही नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेविषयी जी शिफारस केली, तिच्यात रसातली साखर मर्यादा घालण्याच्या साखरेत धरली आहे, अख्ख्या फळातली नाही. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा दिवसाला 50 ग्रॅम येते आणि शक्य झाल्यास ती 25 ग्रॅमवर आणावी असे सुचवले आहे. म्हणजे एका मोठ्या पेल्यातच त्या खालच्या मर्यादेचा बहुतेक वाटा संपतो.

भुकेचे सांगायचे तर रस घेत असताना मला साडेदहालाच काहीतरी तोंडात टाकावेसे वाटे; फळ खाऊ लागल्यापासून जेवणापर्यंत तशी आठवण होत नाही. हा माझा अनुभव झाला आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, हे मान्यच आहे. तरी 1977 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही सफरचंदाचा तंतुविरहित रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला आणि त्याने समाधान कमी झाले, असे दिसले होते.

तरीही काही प्रसंगी मी रसच निवडेन. ज्यांना चावता येत नाही, आजारपणात ज्यांच्या घशाखाली घन पदार्थ उतरत नाहीत, त्यांना फळाचा आग्रह करणे बरे नव्हे. मधुमेहाच्या औषधांमुळे रक्तातली साखर एकाएकी उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर अर्धा कप रस फळापेक्षा लवकर उपयोगी पडतो. एरवी खटकणारा त्याचा वेग तेथे हवाच असतो. मिक्सरमध्ये अख्ख्या फोडी फिरवून न गाळता पिणे हा मधला मार्ग आहे खरा, त्यात चोथा वाया जात नाही, पण घोट घेण्याचा वेग काही आपोआप कमी होत नाही.

रसच सोयीचा वाटत असेल, तर पेला 150 मिलिलिटरचा घ्यावा, जेवणाबरोबर प्यावा आणि तासभर घोट घोट घेत बसू नये, कारण त्यातल्या आम्लाने दातांवरचे आवरण झिजते. माझा ज्यूसर आता वरच्या फळीवर असतो. घरात कोणाचा दात काढला की तो खाली येतो, आणि त्या दिवशी त्याची जाळी मी लगेच धुतो.