अडखळणाऱ्यांसाठीचं कानातलं यंत्र: सहा-सात महिने वापरल्यावर

यंत्राचं नंतर सांगतो, आधी हेल्पलाइन. गिऱ्हाईकच अडखळत बोलणारं, आणि तक्रार घेणार फक्त फोनवर! आवाज खरखरायला लागला म्हणून फोन लावला. "कृपया आपलं नाव सांगा." बाकी कुठला शब्द अडला तर दुसरा घालून वेळ मारून नेता येते, नावाला दुसरं काय घालणार? माझे 'प'वर ओठ मिटले की तिकडे नुसती शांतता, आणि शांतता ऐकली की मशीन फोन कापतं. शेवटी बायकोने नाव सांगितलं. माणूस लाइनवर आला तर म्हणे, "सर, घबराइए मत, आराम से बोलिए." अरे भिया, मी चिडलोय, घाबरलेलो नाही! हे यंत्र विकणाऱ्यांनाच वाटतं की अडखळणं म्हणजे भित्रेपणा.

यंत्र काय करतं ते माहीतच असेल: आपलाच आवाज किंचित उशिराने, थोड्या बदललेल्या पट्टीत कानात येतो. सोबत कुणीतरी बोलतंय असा भास होतो. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गणपतीत आरतीला मी कधीच अडकत नाही, यावरून नातेवाईक म्हणायचे, "बघा, येतं की, मुद्दाम करतो." मुद्दाम नाही हो. चारचौघांच्या सुरात बोललं की बहुतेकांचं अडखळणं तेवढ्यापुरतं थांबतं, आणि यंत्र तीच युक्ती करतं.

माझं ७० मिलिसेकंदांच्या उशिरावर चांगलं जमलं. गंमत म्हणून २०० वर करून भाचीच्या कानात घातलं. ती घरातली सगळ्यात वाचाळ, पण वाक्याची पार वाट लागली! उशिरा आलेल्या आवाजाने चांगला बोलणाराही अडखळतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच मांडलंय. तिला तर कुणी घाबरट म्हणत नाही.

पहिले काही आठवडे चार तारे दिले असते. कापड मार्केटमध्ये मी हिशेब बघतो, व्यापाऱ्यांशी फोनवर पहिल्यांदाच सलग बोललो. नंतर परिणाम ओसरत गेला. काहींचा टिकतो, काहींचा नाही. शिवाय राजवाड्याकडे गेलं की प्रत्येक हॉर्न दोनदा.

खरा संताप बॅटरीचा. श्रवणयंत्रातली पिवळ्या स्टिकरची दहा नंबर. स्टिकर काढला की हवा लागून ती उतरायला लागते, तुम्ही बोला नाही तर गप्प बसा. रविवारी दिवसभर मौन, तरी पैसे चालूच. यंत्राला महिन्याच्या पगाराहून जास्त मोजलेत, वर हे.

आता मत बदललंय. मोबाइलवर हेच करणारी फुकट ॲप आहेत. फक्त इयरफोन वायरचा घ्या, ब्लूटूथ स्वतःचाच उशीर वाढवतं. घरी मोठ्याने वाचायच्या सरावाला मला यंत्रात आणि ॲपमध्ये फरक जाणवला नाही.

घरच्यांचे उपाय मोजत बसलो तर तारे कमी पडतील. ग्वाल्हेरची आत्या जिभेला वेखंड उगाळून लावायची, शेजारचे काका जिभेखाली गोटी ठेव म्हणायचे. बर्लिनच्या डीफेनबाख या सर्जनने १८४१ मध्ये यासाठी लोकांच्या जिभा कापल्या होत्या, त्या मानाने वेखंड परवडलं. "मामाची नक्कल करून लागलं" हे तर आई अजून म्हणते. मामा अडखळतो, आजोबाही अडखळायचे, पण म्हणून मी नक्कल केली असं कसं? हे घराण्यात चालत येऊ शकतं. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून काही जनुकांशी संबंधही सापडला.

लहान मुलासाठी घेणाऱ्यांनी थांबा. बरीच मुलं आपोआप सावरतात, पण वाट बघत बसू नका, स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा. मोठ्यांनी आधी ॲप वापरून बघा, मग पैसे घाला. मी दोन तारे देतोय, दोन्ही यंत्राला, हेल्पलाइनला शून्य.

न उघडलेली दहा नंबरची पाकिटं घरी पडून आहेत. इंदूरमध्ये श्रवणयंत्र वापरणाऱ्या कुणाला हवी असतील तर निम्म्या किमतीत देईन. मेसेज करा, फोन नको.