‘पाकीट उघडू नका, किंमत उतरेल’

३८० डॉलरला गंडलो. तेही एका अशा अल्बमसाठी, ज्याची नक्कल करायची तसदी कोणी घेईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क भागात आपली बरीच मंडळी हल्ली जुन्या रेकॉर्ड गोळा करतात, त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

अल्बम रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक रॉक बँडचा, ‘आदिओस आमिगोस’. १९९५ चा, चौदावा आणि शेवटचा. मेक्सिकन टोप्या घातलेले दोन डायनासोर मुखपृष्ठावर आहेत, तोच. हा खपला नाही तर दुकान बंद, असं बँडने जाहीरच केलं होतं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये हॉलिवूडला शेवटचा कार्यक्रम करून ते खरंच थांबले. रमोन्सचा चाहता १९७६ च्या पहिल्या अल्बमवर जीव टाकतो. त्याच्या बनावट प्रती फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तो हातात आला की मी लेबल, छपाई, पुठ्ठा, सगळं उलटंपालटं करून बघतो. म्हातारपणीच्या अल्बमला कोण बघतंय? नेमकं हेच विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. १९९५ साली जो तो सीडी घ्यायचा, एलपी थोड्याच निघाल्या. म्हणून आज अस्सल प्रत महाग, आणि ती जवळून पाहिलेले लोक कमी.

ब्रुकलिनमधल्या एका मेळ्यात ही प्रत टेबलामागे उभी करून ठेवली होती. जाड प्लॅस्टिकचं बंद पाकीट, कोपऱ्यात चमचमता होलोग्राम, सोबत प्रमाणपत्र. मुखपृष्ठावर काळ्या मार्करने बँडमधल्या पाच जणांच्या सह्या: जोई, जॉनी, मार्की, सी.जे. आणि डी डी.

डी डी? तो तर १९८९ लाच बँड सोडून गेला होता. मी विचारलं. माणूस शांतपणे हसला. “शेवटच्या गाण्यात टेलिफोनवरून जर्मन बोलतो तो कोण? गाणी कोणी लिहून दिली? मग सही नको करायला?”

आता यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ‘बॉर्न टू डाय इन बर्लिन’ या त्या शेवटच्या गाण्यात डी डीचा आवाज आहे, अल्बममधली बरीच गाणीही त्याचीच. मला खोटं बोलून फसवलं नाही, माझ्याच माहितीने फसवलं. उलट मनात म्हटलं, वा, जाणकार माणूस भेटला.

पाकिटातून काढून बघू का म्हटलं तर, “उघडलंत की सील तुटेल, किंमत निम्म्यावर येईल.” पटलं. कार्ड चालत नाही म्हणाला, ॲपवरून पाठवा, आणि तिथे ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, म्हणजे कमिशन कापलं जाणार नाही. तेही केलं. (बायको शेजारी उभी होती. “तो तुझा कोण लागतो?” एवढंच म्हणाली. ऐकायला हवं होतं.)

पंधरा दिवसांनी ईस्ट व्हिलेजमधल्या ओळखीच्या म्हाताऱ्या दुकानदाराला कौतुकाने दाखवायला नेली. त्याने न विचारता ब्लेडने पाकीट कापलं. माझा जीव वर-खाली. सोनाराकडे असतं तसं भिंग त्याने जोईच्या सहीवर ठेवलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. मार्करची रेघ भिंगाखाली सलग दिसते, शाई पुठ्ठ्यावर बसलेली कळते. इथे काळ्या रेघेत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके होते. सह्या केलेल्याच नव्हत्या. चित्राबरोबर छापल्या होत्या. मग भिंग डायनासोरच्या टोपीवर सरकवलं. टोपीची कड पायऱ्यापायऱ्यांची, मागची बारीक अक्षरं फुगून एकमेकांत मिसळलेली. सीडीचं १२ सेंटिमीटरचं मुखपृष्ठ स्कॅन करून ३१ सेंटिमीटरला ताणलेलं. रेकॉर्ड काढली, तर शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर रेकॉर्ड बनवणाऱ्या कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो, तीही साफ कोरी.

पैशांचं म्हणाल तर, ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीचं संरक्षण नसतं. तक्रार दोन दिवसांत निकालात निघाली. त्या माणसाचा नंबर लागत नाही.

तेव्हा बंद पाकीट उघडू देत नसेल तर तिथूनच वळा. खिशात भिंग ठेवा, पाच-दहा डॉलरला मिळतं. सही असो वा नसो, आधी छापील बारीक अक्षरं बघा. जोई, जॉनी, डी डी तिघेही गेले, सही तुमचीच का हे त्यांना कोणी विचारू शकत नाही, म्हणून बाजारात त्यांच्याच सह्या उदंड आहेत. आणि होलोग्रामचा तर फोटो काढून ठेवाच.

मी काढला होता. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मेळ्यात, दुसऱ्याच टेबलावर, तेच दोन डायनासोर दिसले. एक कॉलेजातला मुलगा पाकीट हातात धरून उभा होता. फोन काढून होलोग्रामवरचा आकडा ताडून पाहिला. तोच, सहाच्या सहा आकडे. मी खिशातलं भिंग काढून त्या मुलाच्या हातात दिलं.