बँकॉकची नारंगी झेंड्याची बोट: सात दिवसांच्या बेताला पुरते का?

जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्या बहुतेक बँकॉक पॅकेजांचा मुक्काम प्रातुनाममध्ये नाहीतर सुखुमवितच्या नाना भागात असतो. तिथे पावलोपावली भारतीय हॉटेलं आहेत, एवढंच कारण. पण राजवाडा, जुनी मंदिरं आणि खाण्याच्या चांगल्या गल्ल्या चाओ फ्राया नदीच्या काठाला आहेत आणि संध्याकाळी सुखुमवितवर गाडी जागची हलत नाही. बेत स्वतः आखणार असाल तर खोली बोटीचा धक्का बघून घ्या. बीटीएसचं, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या मेट्रोचं, साफान ताक्सिन स्टेशन आणि त्याला लागून असलेला साथोर्न धक्का सगळ्यात सोयीचा.

इथून वर नोन्थाबुरीकडे चाओ फ्राया एक्सप्रेसच्या बोटी जातात आणि झेंड्याच्या रंगावरून त्या ओळखायच्या. कामाची बोट नारंगी झेंड्याची: कुठेही उतरा, तिकीट १६ बाट, म्हणजे पंचेचाळीसेक रुपये. निळा झेंडा पर्यटकांचा, तिकीट बरंच महाग. धक्क्यावर परदेशी माणूस दिसला की आधी निळी बोटच सुचवली जाते, म्हणून खिडकीशी ‘नारंगी’ असं स्पष्ट सांगा किंवा झेंड्याकडे बोट दाखवा. इतर धक्क्यांवरून चढलात तर पत्र्याची नळी खुळखुळवत कंडक्टर येतो. सुटे पैसे लागतात, हजाराची नोट काढू नका.

बोट धक्क्याला टेकते ती काही सेकंदच. मागचा माणूस शिट्टी वाजवतो, दोर अडकवतो आणि लोक चढेपर्यंत सोडतोही. बोट आणि धक्का यांच्यात फट असते, वर दोन्ही हलतात. साडी आणि टाचेची चप्पल यांचं इथे जमत नाही. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना मधल्या धक्क्यावर चढवण्यापेक्षा साथोर्नलाच बसवावं. मागच्या बाजूची भिक्खूंसाठी राखलेली जागा मोकळी सोडा. बायकांनी त्यांना खेटून उभं राहू नये.

मंदिरांचा दिवस सोमवार ते शुक्रवारातला धरा. था चांग धक्क्याला उतरून साडेआठला राजवाड्याच्या दारात, कारण दहानंतर बसगाड्यांची गर्दी लोटते. तिथून चालत वाट फो (‘वाट’ म्हणजे मंदिर), जिथे ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. मग था तिएन धक्क्याहून पाच बाटच्या नावेने पलीकडे वाट अरुण. तिकिटं ५००, ३०० आणि २०० बाट. माणशी हजार बाट प्रवेशालाच जातात, हे खर्चात आधी मांडा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. राजवाड्याबाहेर ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणणारा रिक्षावाला भेटला तर न थांबता दारापर्यंत जाऊन बघा.

दुपारचं खाणं पलीकडच्या वांग लांग बाजारात. सिरिराज इस्पितळ शेजारीच असल्याने नर्सा आणि विद्यार्थी इथे जेवतात, म्हणून माल ताजा आणि भाव बेताचे. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, डोळ्यांसमोर खलात कुटतात. मिरच्या किती ते तुम्ही सांगायचं. ठेच्यावर वाढलेल्या खानदेशी जिभेला तिखटाचा त्रास नाही, पण त्यात सुकी कोळंबी आणि माशाचं पाणी असतं. ‘प्ला रा’ घातलेला प्रकार आंबवलेल्या माशाचा, त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही.

शाकाहारी माणसाने ‘नो मीट’ म्हणून भागत नाही; भाजीतही मासळीचं पाणी आणि ऑयस्टर सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल ‘เจ’ हे अक्षर शोधा. उच्चार ‘जे’. त्यात मांस, मासळी, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन कुटुंबांना हे सोयीचं, फक्त बटाटा-गाजर चालतं हे लक्षात ठेवा. एरवी ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी नको, ‘माय साय खाय’ म्हणजे अंडं नको. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र बिनघोर खा, मार्च ते मे तो सर्वांत चांगला. पाहुरात या भारतीय वस्तीत गुरुद्वारा आणि मिठाईची दुकानं आहेत. वरणभाताची आठवण तिसऱ्या दिवशी येतेच, तेव्हा तिकडे वळा.

नारंगी बोटीची मोठी उणीव वेळेची आहे. याओवरात, म्हणजे चायनाटाउन, रंगतं संध्याकाळी सहानंतर आणि बोट संध्याकाळी लवकर आटोपते. जाताना राच्चावोंग धक्क्याला उतरा, परतताना वाट मांगकोन स्टेशनवरून एमआरटी, म्हणजे भुयारी मेट्रो, पकडा. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं, मात्र बँकेकडून परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. बीटीएसचं तिकीट वेगळं.

बाकी दिवसांचं थोडक्यात. शनिवार-रविवारी चातुचाक बाजार, सकाळीच. एक दिवस रेल्वेने अयुत्थया, जुनी राजधानी. साध्या गाडीचा तिसरा वर्ग अगदी स्वस्त. पॅकेजवाले दाखवतात तो दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार शंभरेक किलोमीटरवर आहे, अर्धा दिवस गाडीत जातो आणि हाती फोटो येतात. त्यापेक्षा शनिवार-रविवारचा ख्लोंग लाट मायोम.

भुसावळकडून दादर-ठाण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे विमानतळ, असं धरलं तर रात्रीच्या विमानासाठी सकाळचीच गाडी घ्या. उशीर झाला तरी हाताशी वेळ राहतो. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट खोटी समजा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ४५ अंशांना सरावलेल्याला एप्रिलचे ३७ किरकोळ वाटतात, पण तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि दुपारी दोनला माणूस गळून जातो. शाकाहारी कुटुंबाने ‘जे’ सणाचे नऊ दिवस गाठावेत, ते बहुधा ऑक्टोबरात येतात. तेव्हा याओवरातभर पिवळे झेंडे लागतात आणि जवळपास प्रत्येक गाड्यावर खाता येतं. पाऊस मात्र असतो, आणि नदी चढली की काही धक्के बंद ठेवतात, म्हणून त्या दिवसांत मुक्काम एमआरटीजवळ घ्यावा.