फार्मसी फर्स्ट: इंग्लंडमधल्या औषधाच्या दुकानात उपचार घ्यायला जाण्याआधी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला जीपीची, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवणं म्हणजे काय हे पहिल्या आजारपणातच कळतं. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत थांबायचं आणि नऊ वाजता ‘आजच्या वेळा संपल्या’ हे ऐकायचं. त्यामुळे एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ३१ जानेवारी २०२४ पासून सुरू केलेली ‘फार्मसी फर्स्ट’ ही सेवा आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवी. सात ठरावीक आजारांसाठी डॉक्टरांकडे न जाता थेट औषधाच्या दुकानात जायचं, तिथला फार्मासिस्ट तपासतो आणि गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा तोच देतो. दहा हजारांहून अधिक दुकानं सुरुवातीलाच यात सामील झाली.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा चांगली आहे, वापरावी. पण फार्मासिस्टला मिळालेला अधिकार किती आणि कुठे संपतो, हे माहीत नसेल तर हात हलवत परत यावं लागतं आणि राग मात्र काउंटरपलीकडच्या माणसावर निघतो.

सात आजार आणि त्यांच्या वयाच्या अटी अशा. सायनसचा त्रास, वय १२ आणि पुढे. घसादुखी, ५ आणि पुढे. कानाच्या आतला संसर्ग, १ ते १७. किडा चावून पिकलेली जागा आणि इम्पेटायगो, म्हणजे मुलांच्या तोंडाभोवती येणाऱ्या मधासारख्या खपल्या, या दोन्हींना १ वर्षापासून पुढे. नागीण, १८ आणि पुढे. आणि बायकांची लघवीची जळजळ, १६ ते ६४.

या अटी मार्गदर्शक नाहीत, कायदेशीर आहेत. यात फार्मासिस्ट डॉक्टरसारखं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही. तो औषध देतो ते पीजीडी (पेशंट ग्रुप डायरेक्शन) नावाच्या लेखी आदेशाखाली, ज्याला २०१२ च्या ह्यूमन मेडिसिन्स रेग्युलेशन्सचा आधार आहे. कोणत्या रुग्णाला, कोणतं औषध, किती मात्रा, किती दिवस आणि कोणाला द्यायचं नाही, हे सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं. त्यात ६४ लिहिलं असेल तर ६५ वर्षांच्या बाईला देता येत नाही, मग समोरच्याला कितीही ज्ञान असो. पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या सासूबाईंना लघवीला जळजळ होत असेल तर इथे वेळ घालवू नका, जीपी किंवा १११ (एनएचएसची फोनवरची सल्लासेवा). पुरुषांच्या लघवीच्या संसर्गाचंही तसंच. चाळिशीतल्या माणसाचा कान ठणकत असला तरी तो या यादीत बसत नाही.

आता आत काय होतं ते पाहू. सल्ला काउंटरवर नाही, वेगळ्या बंद खोलीत होतो. घसादुखीचं उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतात. फार्मासिस्ट पाच गोष्टी पाहतो आणि प्रत्येकीला एक गुण देतो. गेल्या २४ तासांत ताप होता का. टॉन्सिलवर पू दिसतो का. त्रास सुरू होऊन तीन दिवसांच्या आत आलात का. टॉन्सिल खूप लाल आणि सुजलेले आहेत का. खोकला-सर्दी नाही ना. शून्य किंवा एक गुण असेल तर जंतूंचा संसर्ग असण्याची शक्यता कमी, म्हणून वेदनाशामक आणि घरगुती काळजी. दोन-तीन असतील तरीही आधी तेच, आणि तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा या. चार किंवा पाच गुण आणि त्रासही तीव्र असेल, तेव्हा पाच दिवसांच्या पेनिसिलिनचा विचार होतो, आणि तोही तुमच्याशी बोलून.

इथे एक व्यावहारिक अडचण होते. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन दुपारी गेलं की ताप उतरलेला असतो. प्रश्न ‘आत्ता ताप आहे का’ असा नसून ‘गेल्या २४ तासांत होता का’ असा आहे. म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा. ‘अंग कढत होतं’ यापेक्षा ‘रात्री अकराला ३८.६’ हे उत्तर उपयोगी पडतं. मात्र लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना घरघर येत असेल तर दुकानात न जाता थेट ९९९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

लघवीच्या त्रासातही असेच तीन नेमके प्रश्न आहेत. लघवी करताना जळजळ, रात्री नव्याने उठावं लागणं आणि डोळ्यांना दिसेल इतकी गढूळ लघवी. तिन्हींपैकी किमान दोन असतील तर उपचार मिळू शकतो: नायट्रोफ्युरँटोइन या अँटिबायोटिकची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, तीन दिवस. ती जेवणासोबत घ्यायची, नाहीतर मळमळते. लघवीचा रंग पिवळट-तपकिरी झाला तर घाबरायचं नाही, तो औषधाचा परिणाम आहे. पण या मार्गात हे एकच औषध आहे, दुसरा पर्याय नाही. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल (रक्ततपासणीतला ईजीएफआर हा आकडा ४५ च्या खाली) किंवा जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर फार्मासिस्टचे हात बांधलेले, तो जीपीकडेच पाठवणार. गरोदर बाईलाही इथे उपचार मिळत नाही. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा किंवा वर्षात तिसऱ्यांदा त्रास होत असेल तरी नाही, कारण मग तपासणी करून मूळ कारण शोधायला हवं. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा बरगड्यांखाली पाठीत दुखणं म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शंका, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर.

नागिणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या समजुतींमुळे इथे नेमकी वेळ वाया जाते. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, असं आजही घरोघरी सांगितलं जातं, आणि पहिले दोन दिवस गेरू लावण्यात जातात. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा दुसरा अवतार आहे. तो एका नसेच्या पट्ट्यातून बाहेर येतो, म्हणून पुरळ सहसा शरीराच्या एकाच बाजूला असतं आणि मधली रेषा ओलांडत नाही. ॲसिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करायची वेळ पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत. वय ७० किंवा जास्त असेल, किंवा नवे फोड येतच असतील, तर आठवड्याभरापर्यंत चालतं. मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे एकूण ३५ गोळ्या. पाच वेळा लक्षात ठेवणं अवघड जातं. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ असे गजर लावा, आणि पाणी भरपूर प्या. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर दुकानात थांबू नका. दृष्टीला धोका असतो, त्याच दिवशी रुग्णालय.

सायनससाठी दहा दिवसांचा नियम आहे. दहा दिवसांच्या आत गेलात तर वेदनाशामक, घरगुती काळजीचा सल्ला आणि धीर एवढंच मिळेल. त्यानंतरही बरं वाटत नसेल तर आधी बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, १४ दिवस. मुलांच्या कानदुखीत फार्मासिस्ट ऑटोस्कोपने पडदा बघतो. पडदा शाबूत आणि त्रास सौम्य असेल तर फेनाझोन-लिडोकेनचे बधिर करणारे थेंब, गंभीर असेल किंवा कान वाहत असेल तर अमॉक्सिसिलिन. इम्पेटायगोचे तीन किंवा कमी डाग असतील तर आधी १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक डाग जास्त आणि पसरलेले असतील तेव्हाच.

पैशांचं गणित. सल्ला मोफत. औषध दिलं तर नेहमीचा प्रिस्क्रिप्शन शुल्काचा नियम लागतो, १ मे २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड. सोळाखालच्या मुलांना आणि ६० व त्यापुढच्यांना माफ. दुकानाला मात्र एनएचएसकडून प्रत्येक सल्ल्यामागे आधी १५ आणि एप्रिल २०२५ पासून १७ पौंड मिळतात, तेही रुग्ण त्या आजाराच्या निकषांची पहिली पायरी पार करतो तेव्हाच. औषध न देता नुसता सल्ला दिला तरी हे पैसे मिळतात. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण गोळी विकण्यात दुकानाचा फायदा गुंतलेला राहत नाही. फार्मासिस्टने ‘अँटिबायोटिक नको’ म्हटलं तर त्याने टाळाटाळ केली असं समजू नका.

आपल्याकडची सवय इथे आड येते. महाराष्ट्रात ‘मेडिकल’वाल्याला दुखणं सांगितलं की तो पट्टी कापून चार गोळ्या देतो, आणि त्यालाच आपण फार्मासिस्टचं काम समजतो. कागदावर तिथेही तसं नाही. २०१४ पासूनच्या शेड्यूल एच१ मधली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने रुग्णाला समुपदेशन करणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम ठरवलं. पण स्वतः तपासून उपचार ठरवण्याचा अधिकार भारतीय फार्मासिस्टला नाही, उलट चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी त्याच घटकाचं दुसरं देण्यावरही बंदी आहे. म्हणजे तिथे कायद्याने अधिकार कमी आणि व्यवहारात मोकळीक जास्त. इंग्लंडमध्ये अधिकार जास्त, पण प्रत्येक पायरी लेखी, आणि चुकलं तर जीपीएचसी म्हणजे जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल नोंदणी काढून घेऊ शकते. समोरची व्यक्ती कोण आहे ते या कौन्सिलच्या खुल्या नोंदवहीत नावावरून पाहता येतं. जून २०२४ पासून कायद्याने नोंदणीकृत फार्मसी टेक्निशियनलाही, म्हणजे फार्मासिस्टच्या प्रशिक्षित सहकाऱ्यालाही, पीजीडीखाली औषध देता येतं.

सेवेत खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. बहुतेक दुकानांत एका वेळी एकच फार्मासिस्ट असतो. तो चिठ्ठ्या तपासतो, लस टोचतो आणि हे सल्लेही देतो. शनिवारी दुपारी जाऊन ‘तासाभराने या’ ऐकायचं नसेल तर आधी फोन करा आणि नेमकं विचारा, ‘फार्मसी फर्स्टचा सल्ला आत्ता मिळेल का?’ दुकान उघडं असणं आणि फार्मासिस्ट जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जबाबदार फार्मासिस्टला दिवसात दोन तासांपर्यंत बाहेर राहायची कायद्याने मुभा आहे.

दुसरी खटकणारी गोष्ट जास्त गंभीर आहे. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला स्वतंत्रपणे प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचं प्रशिक्षण २००६ पासून घेता येतं, आणि २०२६ पासून नव्याने नोंदणी होणारे त्या पात्रतेसहच येतात. तरीही फार्मसी फर्स्ट पीजीडीच्या चौकटीतच चालते. नायट्रोफ्युरँटोइन चालत नसलेल्या बाईला दुसरं योग्य औषध कोणतं हे त्या फार्मासिस्टला माहीत असतं, लिहायची पात्रताही असू शकते, पण या सेवेत देता येत नाही. वेल्सने २०२२ मध्येच फार्मासिस्टच्या प्रिस्क्रिप्शनची स्वतंत्र सेवा सुरू केली. इंग्लंड इथे मागे पडलंय, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जाताना काय न्यायचं? जीपीकडे नोंदणी नसली तरी सेवा मिळते, पण मग तुमचा आजारपणाचा इतिहास त्यांच्यासमोर नसतो. चालू औषधांची यादी मूळ घटकांच्या नावाने न्या. भारतातून आणलेल्या गोळ्यांची ब्रँड नावं इथे कोणाला ठाऊक नसतात, म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूचा, घटक लिहिलेला फोटो काढा. हे किरकोळ वाटतं, पण पेनिसिलिन न चालणाऱ्याला घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन मिळतं, आणि ते कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसोबत घेतलं तर स्नायूंना इजा होऊ शकते. ॲलर्जीबद्दलही नेमकं बोला. लहानपणी पेनिसिलिनने पोट बिघडलं होतं ही ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, ही ॲलर्जी. चुकीची नोंद झाली तर पुढे दर वेळी पहिल्या पसंतीचं औषध हातचं जातं.

आणि आजार सातांत बसत नसेल, समजा डोळे आले आहेत किंवा खरूज उठली आहे, तर आधी जीपीच्या रिसेप्शनला किंवा १११ ला फोन करून फार्मसीकडे रेफरल, म्हणजे तुम्हाला तिथे पाठवल्याची रीतसर सूचना, पाठवायला सांगा. तसंच थेट गेलात तरी सल्ला मिळेल, पण रेफरल असलं की रीतसर नोंद होते आणि दुकानालाही त्याचे पैसे मिळतात. औषध मात्र अशा वेळी बहुधा स्वतःच्या खिशातून विकत घ्यावं लागतं.