पहिलं चित्रविश्लेषण: हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घ्यावं की व्हर्मीरचं ‘द मिल्कमेड’?

कलामहाविद्यालयात फाउंडेशनला, म्हणजे पायाभूत अभ्यासक्रमाला, नुकताच प्रवेश घेतलेली मुलं असोत की कलारसग्रहणाच्या वर्गाला हौसेने बसलेली मोठी माणसं, एक गृहपाठ सगळ्यांच्या वाट्याला येतो: एक चित्र निवडा आणि संकल्पनाची, म्हणजे डिझाइनची, मूलतत्त्वं लावून त्याचं विश्लेषण करा. मग तोल, लय, विरोध, प्रमाण, वर्चस्व, ऐक्य अशी यादी मांडली जाते आणि प्रत्येकाखाली दोन ओळी येतात. ‘चित्रात उत्तम तोल साधला आहे’ हे वाक्य कुठल्याही बऱ्या चित्राखाली खपून जातं, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. ‘ही वस्तू इथून उचलली तर काय बिघडेल?’ याचं उत्तर देता आलं, तरच ते तत्त्व तुम्हाला चित्रात दिसलं असं म्हणता येईल. पहिल्या प्रयत्नासाठी चित्र निवडताना मी हीच एक कसोटी लावते. हा प्रश्न विचारायला ते चित्र किती वाव देतं?

या कसोटीवर दोन चित्रं शेजारी ठेवू. दोन्हींत एकटी स्त्री आहे, हातात घरातली साधी वस्तू आहे, प्रकाशाचा एकच उगम आहे आणि घटना म्हणावी असं काही घडत नाही. मांडणीचा विचार मात्र दोघांचा अगदी वेगळा आहे.

डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं ‘द मिल्कमेड’ साधारण 1660 च्या सुमाराचं तैलचित्र. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. उंची 45.5 सेंटिमीटर, रुंदी 41, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरएवढंही नाही. तरी त्यातली मोलकरीण भव्य वाटते. का, ते शोधायला पट्टी घ्या. खिडकीच्या आडव्या चौकटीच्या रेषा उजवीकडे वाढवत न्या. त्या तिच्या उजव्या हाताच्या जरा वर एकत्र येतात. मूळ चित्रात त्याच जागी टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. दोरी लावून रेषा आखण्यासाठी चित्रकाराने ते पाडलं असावं. आपली नजर तिच्या हाताच्या उंचीवर ठेवली आहे, म्हणून तिच्या चेहऱ्याकडे आपण किंचित खालून पाहतो. प्रमाण या शब्दाखाली लिहायची गोष्ट ही. नुसतं ‘शरीराचं प्रमाण योग्य आहे’ लिहून भागत नाही.

आता उजव्या बाजूची भिंत बघा. जवळजवळ रिकामी. एखाददुसरा खिळा, खिळ्यांची भोकं, खाली फरशांची पट्टी आणि जमिनीवर पाय शेकायची लाकडी पेटी. डावीकडे मात्र खिडकी, टांगलेली टोपली, पितळी भांडं, पावांनी भरलेलं टेबल. सगळं वजन एका बाजूला, तरी चित्र कलंडत नाही. ती जमिनीवरची पेटी अंगठ्याने झाका आणि पुन्हा पाहा. उजवा खालचा कोपरा एकदम हलका होतो आणि बाई टेबलाच्या बाजूला ओढली जाते. राइक्सम्युझियमने 2022 साली जाहीर केलेल्या तपासणीत रंगाच्या थराखाली आणखी काही दिसलं: तिच्या डोक्यामागे सुरया टांगायची फळी आणि खाली, आज पेटी आहे त्या भागात, एक विणलेली टोपली. चित्रकाराने दोन्ही वस्तू रंगवायला घेतल्या आणि बुजवून टाकल्या. म्हणजे ती मोकळी भिंत हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. ‘काढलं तर काय होईल’ हा आपला प्रश्न त्याने स्वतःच विचारला होता आणि उत्तर कॅनव्हासवर ठेवलं. शिकणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

रंगसंगतीही हिशेब लावता येईल इतकी स्पष्ट आहे. पिवळी चोळी, निळा एप्रन, लाल घागरा. निळा पुन्हा टेबलावरच्या कापडात येतो, पिवळा पावात आणि टोपलीत, तांबूस मातीच्या भांड्यांत. ऐक्य येतं ते या परतफेरीतून. आणि टोनचा, म्हणजे उजळ-गडद छटांचा, खेळ तर डोळे किलकिले करून बघण्यासारखा: खिडकीकडची तिची उजळ बाजू सावलीतल्या भिंतीवर येते, तर तिची काळोखी बाजू उजळ भिंतीवर. त्या काळोख्या कडेला पांढरी बारीक रेघही ओढलेली आहे. या सगळ्यात हलणारी गोष्ट एकच, दुधाची धार, आणि दोन्ही हात, खाली वळलेली नजर, सगळं तिथेच नेतं.

चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) मूळचे सावंतवाडीचे. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्यांनी 1945-46 मध्ये केलेलं जलरंगातलं चित्र. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या संग्रहात आहे. तिथेच राजा रविवर्म्यांचीही चित्रं असल्यामुळे कित्येक जण हेही त्यांच्याच नावावर टाकतात. रविवर्मा 1906 सालीच गेले. आपल्या माणसाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जाताना पाहून मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून गृहपाठात निदान नाव तरी बिनचूक लिहा.

इथे प्रकाश बाहेरून येत नाही, तो चित्राच्या आतच आहे आणि तोही लपवलेला. एका हातात दिवा, दुसऱ्या तळव्याचा ज्योतीला आडोसा. ज्योत आपल्याला थेट भिडत नाही. बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड, चेहऱ्यावर आणि साडीवर पडलेलं तेज, मागे भिंतीवर पसरलेली मोठी सावली यांवरून आपण ती ओळखतो. मनातल्या मनात तो हात बाजूला करा. ज्योत ही चित्रातली सर्वांत उजळ जागा होईल, डोळा तिलाच चिकटेल आणि चेहरा दुसऱ्या नंबरवर जाईल. वर्चस्व हे तत्त्व एका तळहातावर पेललं आहे. सावली पुसली तर आकृती कागदावर चिकटवल्यासारखी होईल, कारण त्या जागेची खोली तीच सावली सांगते. पिवळा-नारिंगी उजेड आणि जांभळट साडी हे एकमेकांचे विरोधी रंग, त्यामुळे दोघेही उठून दिसतात.

माध्यमाचाही मुद्दा आहे. व्हर्मीरने नको झालेली टोपली रंगाखाली गाडली. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. उजेड म्हणजे राखलेला कागद, आणि एकदा गडद झालं की मागे फिरणं अवघड. त्यामुळे टोनचं नियोजन ब्रश ओला करण्याआधीच झालेलं असावं लागतं. ज्यांनी स्वतः जलरंगाची वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकून पाहिली आहे, त्यांना या चित्रापुढे उभं राहिल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

असं असूनही पहिल्या विश्लेषणासाठी मी ‘द मिल्कमेड’ घ्यायला सांगते. दोन कारणं आहेत. राइक्सम्युझियमने चित्राची मोठी, स्वच्छ प्रतिमा फुकट उपलब्ध केली आहे; पावावरचे रंगाचे ठिपकेसुद्धा मोजता येतात. हळदणकरांच्या चित्राच्या प्रती मात्र कुठे केशरी, कुठे तपकिरी, कुठे भडक जांभळ्या. टोनवर उभ्या असलेल्या चित्राचं टोनच बदललेल्या प्रतीवरून विश्लेषण करणं म्हणजे अंदाजपंचे. दुसरं कारण त्या चित्राच्या नावात आहे. ‘आशेचा प्रकाश’ म्हटलं की विद्यार्थी पहिल्याच ओळीत स्त्रीशक्ती, मांगल्य, संस्कार यांवर जातात आणि हात, सावली, कागद बघायचे राहून जातात. दूध ओतणाऱ्या मोलकरणीवर लिहिताना तसं वाहून जायला फारशी जागा नाही.

निवड उलटी करावी अशीही परिस्थिती आहे. मैसूरला जाणं होणार असेल, तर बिनधास्त हळदणकर घ्या, प्रत्यक्ष चित्रासमोर वही उघडा आणि रंगांची टिपणं तिथेच करा. फक्त टोन हा एकच घटक शिकायचा असेल, तरी तेच चित्र सरस. व्हर्मीरकडे एवढ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात की नवखा गोंधळतो. आणि शाळेतल्या मुलांना शिकवत असाल, तर खोलीत अंधार करा, एकीला निरांजन धरून भिंतीजवळ उभी करा, ज्योतीपुढे हात आधी ठेवायला आणि मग काढायला सांगा. दोन्ही वेळी तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली, ते मुलांनी कागदावर फुली मारून दाखवायचं. हळदणकरांचं चित्र त्यानंतर दाखवा.